तळाला दार असलेली वाघीण

ब्रिटनमध्ये कोळशाची मालगाडी रिकामी करायची रीत १९६५ पासून बदलत गेली. त्याआधी गाडी वीज केंद्राच्या यार्डात यायची, इंजिन सुटायचं, वाघिणी तोडल्या जायच्या आणि टिपलर नावाच्या अवजड यंत्रात एकेक वाघीण घालून अख्खी उलटी केली जायची. मग रिकाम्या वाघिणी जमवायच्या, कुठली कुणाकडे परत जायची ते पाहायचं, आणि केव्हातरी परतीची गाडी जुळायची. नव्या रीतीत गाडी थांबतच नाही. इंजिन ताशी अर्ध्या मैलाच्या गतीने, म्हणजे रांगत्या पोरालाही कंटाळा येईल अशा चालीने, रुळांखालच्या खड्ड्यावरून पुढे सरकतं. रुळालगतच्या यंत्राचा धक्का लागून वाघिणीच्या तळाची दारं उघडतात, बत्तीसेक टन कोळसा खाली कोसळतो, थोडं पुढे दुसऱ्या यंत्राने दारं मिटतात आणि गाडी गोल वळण घेऊन खाणीकडे निघते. वाघिणी सुटत नाहीत, इंजिन सुटत नाही, कुणी फावडं उचलत नाही. रेल्वेवाल्यांनी या गाडीला ‘मेरी-गो-राउंड’ म्हटलं, कागदोपत्री एमजीआर.

त्या काळी हे सगळं भविष्यातलं तंत्र म्हणून मिरवलं गेलं. पण या गाडीचा जो मुख्य अवयव, तळाला दार असलेली वाघीण, ती अठराव्या शतकात ईशान्य इंग्लंडातल्या टाइन नदीच्या काठी घोडे ओढत होते. कोळसा वरून भरावा आणि खालून सोडावा, बाकीचं काम त्याच्या वजनाने करावं, ही अक्कल माणसाला वाफेच्या रेल्वे-इंजिनाआधीच आलेली होती. मग ती देशभर पोचायला दोनशे वर्षं का लागली, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर यंत्रशाळेत नाही, हिशेबाच्या वह्यांत आहे.

रुळांवरून कोळसा नेण्याचा इंग्लंडमधला जुना, नोंद असलेला प्रयोग नॉटिंगहॅमजवळचा. हंटिंग्डन बोमाँट या खाणमालकाने १६०३-०४ मध्ये स्ट्रेली ते वूलाटन असा लाकडी रुळांचा मार्ग टाकला. पुढे हे तंत्र ईशान्येकडे, न्यूकॅसल आणि डरहॅमच्या कोळसापट्ट्यात गेलं आणि तिथे खऱ्या अर्थाने रुजलं, कारण तिथला भूगोल सोयीचा होता. खाणी टेकड्यांवर, नदी खाली, आणि गिऱ्हाईक लंडनमध्ये, समुद्रमार्गे. भरलेली वाघीण उतारावरून जायची आणि रिकामी चढावर परत यायची. घोड्याच्या जिवाला याहून बरा सौदा कुठला? उतारावर तर घोडा सोडून मागे बांधत. वाघीणवाला लाकडी ब्रेकच्या दांड्यावर बसून आपल्या वजनाने वेग आवरायचा आणि घोडा मागून निवांत चालत यायचा. स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेने नंतर उतारासाठी घोड्यालाच बसायला गाडी जोडली. त्या गाडीत उडी मारून चढायला घोडे म्हणे चटकन शिकत.

या मार्गांवरच्या वाघिणीचं नाव चॉल्ड्रन. हे कोळशाचं मापही होतं आणि कराचंही. न्यूकॅसलचा चॉल्ड्रन म्हणजे त्रेपन्न हंड्रेडवेट, आपल्या हिशेबात सुमारे पावणेतीन टन. वाघिणीच्या चारही बाजू खाली निमुळत्या होत जायच्या आणि तळाला बिजागरीचं दार असायचं. नदीकाठी लाकडाचे उंच धक्के बांधलेले असत, त्यांना स्टेथ म्हणत. वाघीण स्टेथवर आणायची, तळाची कडी काढायची, कोळसा घसरणीतून खालच्या होडीत. उथळ बुडाच्या या होड्या म्हणजे कील. त्या चालवणारे कीलवाले नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत माल पोचवायचे. १७२५-२६ मध्ये डरहॅम परगण्यात टॅनफिल्डच्या मार्गासाठी कॉझी नावाच्या ओढ्यावर दगडी कमान बांधली गेली. सुमारे बत्तीस मीटरचा एकच गाळा, त्या वेळी देशातला सर्वांत लांब. रेल्वेचा सर्वांत जुना शिल्लक पूल म्हणून तो आजही उभा आहे. तो बांधणारे खाणमालक आपसांत भांडून थकल्यावर एकत्र आलेले होते. त्यांच्या कंपूला लोक ‘ग्रँड अलाइज’ म्हणत. वाटेतल्या जमीनमालकांना जो वाटहक्काचा पैसा द्यावा लागे, त्यावरून या भागात पिढ्यान् पिढ्या कज्जे चालले.

खालून दार उघडण्यात एक खोट होती. कोळसा उंचावरून पडला की फुटतो. चुलीत नि शेकोटीत जाळणारं गिऱ्हाईक मोठी ढेकळं मागायचं, भुग्याला भाव नव्हता. म्हणून मग अख्खी वाघीणच प्रतिभाराच्या हाताने जहाजाच्या पोटापर्यंत खाली उतरवायची आणि तिथे दार उघडायचं, अशी यंत्रं आली. विल्यम चॅपमनने १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कोळसा फुटू नये यासाठीची ही नाजूक काळजी लक्षात ठेवावी. पुढच्या गोष्टीत तिचा संबंध येतो.

२७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली तो दिवस सगळ्या शालेय पुस्तकांत आहे. त्या दिवशीची गाडी मुळात कोळशाचीच. वाघिणी आधी टेकड्यांवरून दोरखंडाने, स्थिर इंजिनांच्या जोरावर उतरवल्या गेल्या आणि शिल्डन या गावी त्यांना जॉर्ज स्टीफन्सनचं ‘लोकोमोशन’ इंजिन जोडलं. कोळसा, पीठ आणि वर चढून बसलेली शेकडो माणसं, अशी ती वरात निघाली. या रेल्वेच्या कायद्यातली एक तरतूद मला वरातीपेक्षा रंजक वाटते. जहाजावर चढणाऱ्या कोळशाला टनामागे मैलाला अर्धा पेनी, यापेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, असं कलम जे. जी. लॅम्बटन या प्रतिस्पर्धी खाणमालकाने घालून घेतलं होतं. एवढ्या भाड्यात कोण कोळसा नेणार, रेल्वे आपोआप मरेल, हा त्याचा होरा. झालं उलटं. त्याच भाड्यावर निर्यातीचा कोळसा लोटला आणि रेल्वेचा तो मुख्य धंदा झाला.

टाइनकाठच्या वाघिणींच्या चाकांमधलं अंतर स्टीफन्सनने तसंच उचललं, त्यात अर्धा इंच वाढला, आणि आज जगातले निम्म्याहून जास्त लोहमार्ग त्या चार फूट साडेआठ इंचांवर आहेत. वाघिणीचं माप जगाने घेतलं, तिचं तळाचं दार मात्र तिच्या मुलखाबाहेर फारसं गेलं नाही.

कारण दक्षिणेत आणि मध्य इंग्लंडात कोळशाचा धंदा वेगळ्या अंगाने वाढला. तिथे प्रत्येक स्टेशनाच्या मागे एक साइडिंग असायची आणि तिथे गावातला कोळसावाला आपली एखादी आठ-दहा टनांची वाघीण घेऊन उभा. तिचं बाजूचं फळीचं दार पाडायचं, फावड्याने पोती भरायची, तागडीत तोलायची आणि घोडागाडीतून घरोघर पोचवायची. वाघीण आठवडाभर उभी राहिली तरी त्याचं बिघडत नव्हतं, ती त्याची वखारच होती. वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या नसून खाणींच्या आणि व्यापाऱ्यांच्या मालकीच्या असत. बाजूच्या फळ्यांवर मालकाचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं, फुकटची जाहिरात. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अशा खासगी वाघिणी पाच-सहा लाखांच्या घरात होत्या. प्रत्येक रिकामी वाघीण तिच्या धन्याकडेच परत गेली पाहिजे, मग शेजारच्या खाणीला वाघीण हवी असली तरी. रेल्वेची यार्डं, शंटिंगची इंजिनं, रात्रपाळीचे पॉइंट्समन यातला मोठा हिस्सा या उलटसुलट वर्गवारीत खर्च होत होता. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे २९ कोटी टन कोळसा काढला. एवढा माल दहा-दहा टनांच्या पेट्यांतून देशभर फिरत होता, ही गोष्ट आज सांगून खरी वाटू नये.

ईशान्येकडचा अपवाद होता. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने वाघिणी स्वतःच्या ताब्यात ठेवायचं धोरण पहिल्यापासून धरलं, त्यामुळे तिथे वीस टनांच्या, तळाला दार असलेल्या वाघिणी चालत राहिल्या आणि छोट्या स्टेशनांवरही उंच रूळ बांधून त्याखाली व्यापाऱ्यांना खण दिलेले असत. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १८५० च्या दशकात असेच खण बांधले, वरून वाघीण, खाली कोळसा. त्या इमारतींत २०१८ पासून ‘कोल ड्रॉप्स यार्ड’ नावाचं महागड्या दुकानांचं केंद्र आहे. देशाच्या एका कोपऱ्यात शहाणपण नांदत होतं आणि उरलेला देश फावडी चालवत होता.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे सरव्यवस्थापक फेलिक्स पोल यांनी १९२० च्या दशकात साउथ वेल्सच्या खाणवाल्यांना वीस टनांच्या वाघिणी घ्या म्हणून गळ घातली. घ्याल तर भाड्यात पाच टक्के सूट. रेल्वेचा फायदा उघड होता: तेवढ्याच कोळशाला निम्म्या वाघिणी, कमी लांबीची गाडी, कमी जागा. पण खाणीतल्या कोळसा चाळण्याच्या सांगाड्यांखाली उंच वाघीण शिरत नव्हती, बंदरातली उलटवायची यंत्रं जुन्या मापाची होती, आणि ते सगळं बदलायचा खर्च खाणमालकाच्या नि बंदराच्या अंगावर पडणार होता. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. असा व्यवहार जगात कुठेच पाच टक्क्यांवर जुळत नाही. मोठ्या वाघिणी काही प्रमाणात आल्या, पण चित्र बदललं नाही.

आता विजेकडे. कोळशावर चालणारं जगातलं पहिलं सार्वजनिक वीज केंद्र एडिसनच्या कंपनीने १८८२ च्या जानेवारीत लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर सुरू केलं. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं वीज आणि रेल्वे यांचं नातं वाटतं तितकं घट्ट नव्हतं. लंडनची मोठी केंद्रं थेम्सकाठी होती, कारण त्यांना पाणी हवं होतं आणि कोळसा जहाजाने येत होता. भुयारी रेल्वेला वीज पुरवणारं १९०५ चं लॉट्स रोड असो की १९३३ चं बॅटरसी, दोन्हीकडे बोटीच लागत. बॅटरसीसारख्या पुलांपलीकडच्या केंद्रांसाठी तर खास बुटकी जहाजं बांधली होती. त्यांचं धुरांडं आणि डोलकाठी आडवी करता यायची, म्हणजे लंडनच्या पुलांखालून ती सरपटत जाऊ शकत. चपटा आकार पाहून लोक त्यांना ‘फ्लॅटआयर्न’, म्हणजे इस्त्री, म्हणत.

दुसऱ्या महायुद्धानंतर तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९४७ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या, १९४८ मध्ये रेल्वे आणि वीज. सगळ्या खासगी वाघिणीही सरकारजमा झाल्या. म्हणजे मालकीचा तिढा कागदावर तरी एका फटक्यात सुटला. तरीही ब्रिटिश रेल्वेने पुढच्या दहा वर्षांत काय बांधावं? सोळा टनांच्या, बाजूला दार असलेल्या पोलादी वाघिणी, लाखोंच्या संख्येने. त्यांना गाडीभर चालणारा ब्रेक नव्हता. ढिल्या साखळ्यांनी जोडलेल्या पन्नास-साठ वाघिणी, शेवटी गार्डाचा ब्रेकचा डबा, आणि मोठा उतार आला की गाडी थांबवून एकेका वाघिणीचा हातब्रेक दाबून अडकवायचा. सगळी खाणयंत्रणा, सगळे व्यापारी त्या मापाला बसलेले होते म्हणून. मालक बदलला तरी माप तेच राहिलं.

कोंडी फुटली ती विजेच्या बाजूने. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्ड १९५८ मध्ये स्थापन झालं आणि त्याने नवीन हिशेब मांडला. कोळसा शहरापर्यंत नेण्यापेक्षा खाणीजवळ जाळायचा आणि उच्च दाबाच्या तारांवरून वीज पाठवायची, हे स्वस्त. यॉर्कशर, नॉटिंगहॅमशर, डर्बीशर या कोळसापट्ट्याच्या मधोमध ट्रेंट नदी वाहते, तिच्यात वीज केंद्रांच्या शीतक मनोऱ्यांपुरतं पाणी आहे. तिच्या आणि उत्तरेकडच्या एअर नदीच्या काठाने ५०० मेगावॉटच्या संचांची भलीमोठी केंद्रं उभी राहिली: वेस्ट बर्टन, कॉटम, रॅटक्लिफ, फेरीब्रिज, एगबरो. बहुतेकांची क्षमता २००० मेगावॉट. पुढे ड्रॅक्स त्याच्याही दुप्पट झालं, आणि पूर्ण भाराने चालताना ते दिवसाला सुमारे ३६,००० टन कोळसा खात असे. एवढा कोळसा सोळा टनांच्या वाघिणींतून आणायचा तर रोज सव्वादोन हजार वाघिणी उलट्या कराव्या लागल्या असत्या.

या केंद्रांतला कोळसा चक्कीत दळून पिठासारखा बारीक करून भट्टीत फुंकत. म्हणजे ढेकळं मोडण्याची दीडशे वर्षांची चिंता संपली. उलट वाटेत फुटला तर बरंच. शिवाय खाण ते केंद्र अंतर वीस-तीस मैलांचं, गिऱ्हाईक एकच, माल एकच, मार्ग एकच. इतक्या जवळच्या फेरीत प्रवासाला दोन तास आणि भरण्या-उतरवण्याला दोन दिवस लागत असतील, तर वेग वाढवून काय उपयोग? थांबणंच काढून टाकायला हवं होतं.

ही कल्पना रेल्वेत लावून धरण्याचं श्रेय बहुतेक वेळा जेरार्ड फाइन्स या अधिकाऱ्याला दिलं जातं. तो ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा काळ. बीचिंग म्हटलं की ब्रिटिश माणसाला बंद झालेली खेड्यांतली स्टेशनं आठवतात आणि तो अजून दात-ओठ खातो. पण त्यांच्या १९६३ च्या अहवालाचा मोठा भाग मालवाहतुकीबद्दल होता आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अखंड जाणारी गाडी हे त्याचं मुख्य सूत्र होतं. फाइन्स हा बोलका, तिरकस माणूस. १९६७ मध्ये त्याने ‘आय ट्राइड टु रन अ रेल्वे’ हे पुस्तक लिहिलं, त्यात वरिष्ठांच्या कारभारावर यथेच्छ टीका केली आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. त्याच्या गाड्या मात्र चालू राहिल्या.

वाघिणीचा पहिला नमुना १९६४ मध्ये बांधला गेला तो डार्लिंग्टनच्या कारखान्यात. मग वेस्ट बर्टनला सप्टेंबर १९६५ मध्ये चाचणी झाली आणि उत्पादन सुरू झालं. पुढच्या दीड-दोन दशकांत अशा अकरा हजारांच्या आसपास वाघिणी बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या शिल्डनच्या कारखान्यात. तेच शिल्डन, १८२५ ची गाडी जिथून इंजिनाने उचलली. हा कारखाना मुळात स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेने काढलेला. तळाच्या दाराची परंपरा ज्या मुलखात कधी तुटलीच नव्हती, त्याच मुलखाने ती देशाला परत दिली. यात योगायोगाचा भाग असेलही. पण ज्या कामगारांचे बाप-आजे हॉपर वाघिणी बांधत आले, त्यांना हे रेखाटन परकं वाटलं नसणार.

नव्या वाघिणीत खरं नवीन होतं ते दोन-तीन ठिकाणी. एक म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक, प्रत्येक वाघिणीला. त्यामुळे गार्डाचा डबा गेला, उतारावर थांबणं गेलं आणि भरलेली गाडी ताशी पंचेचाळीस मैलांनी धावू लागली. दुसरं म्हणजे आपोआप उघडणारी-मिटणारी दारं. आणि तिसरं, इंजिनातला मंदगती नियंत्रक. डिझेल इंजिनाला हजार-दीड हजार टन घेऊन ताशी अर्ध्या मैलाने, न थांबता, न हिसकता चालायला लावणं हे वेगाने पळवण्यापेक्षा कठीण आहे. चालकाने नुसत्या हाताच्या अंदाजाने ते जमेना, म्हणून इंजिनांत वेगळी यंत्रणा बसवावी लागली. पावसात भिजलेला बारीक कोळसा चिखल होऊन तळाला चिकटला, तर मात्र शेवटी माणसंच पहारी घेऊन येत.

गंमत अशी की ‘गोल’ फिरण्याचा भाग बराच काळ एकाच टोकाला खरा होता. वीज मंडळाने केंद्रात वळणं बांधली, खड्डे बांधले. खाणीच्या टोकाला मोठा बुरूज हवा होता, ज्याच्याखालून गाडी हळूहळू जाताना भरली जाईल. खाणी चालवणाऱ्या नॅशनल कोल बोर्डाने तो बांधायला चांगलाच वेळ घेतला. अनेक खाणींत एमजीआरच्या वाघिणी जुन्या चाळणीखाली नाहीतर यांत्रिक फावड्याने भरल्या जात आणि इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं जाई. तिन्ही खाती सरकारची, तिन्ही एकाच कोळशावर जगणारी, आणि तरीही फेलिक्स पोल यांना भेटलेलंच दुखणं: बुरुजाचा खर्च खाणीचा, बचत रेल्वेची नि विजेची. जुन्या वाघिणी खाणीला फुकटची वखार म्हणून वापरता येत, तीही सोय जाणार होती.

परतीच्या मालाची सोयही लागली. दळलेला कोळसा जळला की राखही पिठासारखी उरते. ट्रेंटकाठच्या केंद्रांतून ती राख बंद वाघिणींत भरून पीटरबरोजवळ फ्लेटनला जात असे. तिथे विटांसाठी माती काढून झालेले प्रचंड खड्डे होते, ते तिने बुजवले.

हा नमुना भारतातही आला. एनटीपीसीने सिंगरौली, कोरबा, रामगुंडम इथे खाण ते केंद्र अशा स्वतःच्या रेल्वेमार्गांवर हीच पद्धत घेतली आणि तिला आपल्याकडेही ‘एमजीआर’च म्हणतात. बल्लारशाहून काझीपेटकडे जाताना रामगुंडम लागतं. विदर्भातल्या मार्गांवर दिसणारे तळातून रिकामे होणारे ‘बॉबर’ रेक याच कुळातले, फक्त अंगाने दुप्पट.

ब्रिटनमध्ये या गाडीचा भरभराटीचा काळ १९७० चं दशक. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कोळशाचे दिवस परतणार असं धरून रेल्वेने क्लास ५६ जातीची नवी इंजिनं मागवली. घाई एवढी की पहिली तीस रोमानियात बांधून घेतली, आणि त्यांच्या डागडुजीत कारखाने थकले. पण याच काळात ही व्यवस्था किती नाजूक आहे तेही दिसलं. लाखो वाघिणींतून विखुरलेला कोळसा अडवणं कठीण असतं. एका केंद्राच्या एका वळणावर येणारा अडवायला चार माणसं पुरतात. १९७२ च्या संपात खाणकामगारांनी वीज केंद्रांबाहेर पहारे बसवले, रेल्वेच्या चालकांनी ते ओलांडले नाहीत आणि देशात वीज कपात सुरू झाली.

पुढच्या वेळी सरकार तयार होतं. हुजूर पक्षाचे खासदार निकोलस रिडली यांचा १९७८ मध्ये फुटलेला अहवाल सांगत होता: केंद्रांपाशी साठे वाढवा, आयातीची तजवीज करा, संघटनेबाहेरचे ट्रकचालक हाताशी ठेवा. मार्च १९८४ ते मार्च १९८५ च्या संपात यातलं बरंचसं वापरलं गेलं. नॉटिंगहॅमशरच्या बहुतेक खाणी चालू होत्या, पण कोळसा हलत नव्हता, कारण अनेक ठिकाणी रेल्वे कामगार तो हलवत नव्हते. लेस्टरशरमधल्या कोलव्हिलच्या रेल्वे कामगारांचा त्यात उल्लेख नेहमी येतो. त्यांच्या आसपासच्या खाणींतले बहुतेक कामगार कामावर होते आणि तरीही हे गाड्या न्यायला नकार देत राहिले. कोळसा ट्रकांनी गेला. संप चालू असतानाच, जून १९८४ मध्ये, शिल्डनचा कारखाना बंद झाला. देशाला आणखी वाघिणींची गरज उरली नव्हती.

नंतरचा उतार वेगाने आला. १९९० मध्ये वीज मंडळाची वाटणी झाली, १९९४ मध्ये खाणी विकल्या गेल्या, मग रेल्वेची मालवाहतूक. नॅशनल पॉवर या नव्या वीज कंपनीने स्वतःची इंजिनं आणि वाघिणी घेतल्या, फळ्यांवर मालकाचं नाव पुन्हा झळकलं, पण चारच वर्षांत ती सगळी ईडब्ल्यूएस या रेल्वे मालवाहतूक कंपनीला विकून मोकळी झाली. २००० नंतर एकूण १०२ टन वजनाच्या नव्या वाघिणी आल्या आणि शिल्डनच्या चारचाकी वाघिणी भंगारात जाऊ लागल्या. त्याच काळात गाड्यांची दिशा फिरली. ब्रिटिश खाणी मिटत गेल्या आणि रशिया, कोलंबियाचा कोळसा इमिंगहॅम, हंटरस्टन अशा बंदरांवर उतरू लागला. हंटरस्टनचा कोळसा सेटल-कार्लाइल मार्गाने दक्षिणेला यायचा. हा मार्ग १९८९ मध्ये लोकांच्या चळवळीमुळे बंद होता होता वाचलेला. वाचवणाऱ्यांच्या मनात डोंगर नि पूल होते, भार आला तो कोळशाचा. आणि टाइनच्या ज्या काठावर वाघिणींतून जहाजं भरत, तिथे जहाजांतून वाघिणी भरू लागल्या.

शेवटची खोल खाण, यॉर्कशरमधली केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी कार्बनवरचा सरकारी भार टनाला अठरा पौंडांवर गेला, आणि २०१२ मध्ये देशाच्या विजेतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा कोळशाचा वाटा २०१६ मध्ये दहाच्या खाली आला. २१ एप्रिल २०१७ हा १८८२ नंतरचा पहिला पूर्ण दिवस, ज्या दिवशी ब्रिटनने विजेसाठी कोळसा जाळला नाही. २८ जून २०२४ ला रॅटक्लिफला सुमारे १,६५० टनांची शेवटची गाडी आली आणि ३० सप्टेंबरला केंद्र बंद झालं.

तळाच्या दाराला मात्र काम उरलं आहे. ड्रॅक्समध्ये आता अमेरिकेतून येणाऱ्या लाकडाच्या गोळ्या जाळतात. त्या पर्यावरणाला कितपत परवडतात यावर तिकडे चांगलीच जुंपलेली आहे. या गोळ्या भिजल्या तर फुगून निकामी होतात, म्हणून वाघिणीला वरून छप्पर लागलं, जे कोळशाला चारशे वर्षांत कधी लागलं नव्हतं. आणि त्या कोळशापेक्षा हलक्या, म्हणून २०१३ मध्ये ११६ घनमीटर पोटाच्या, ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या आकारमानाच्या वाघिणी बांधल्या. उरलेल्या कोळसा-वाघिणींना खडी वाहायला लावलं, तर तिथे उलटा प्रश्न आला. दगड कोळशाहून जड. तीच वाघीण काठोकाठ भरली तर रुळांना झेपणार नाही आणि अर्धी भरली तर लांबी वाया. म्हणून कारखान्यांत त्यांतल्या शेकडो वाघिणी मधूनच कापल्या, मधला तुकडा काढला आणि दोन टोकं परत जोडली. आखूड झालेल्या त्या वाघिणी आता शहरांतल्या बांधकामांना खडी पुरवतात, खालूनच.